अटींचा उंबरठा



सार्वजनिक खरेदी आणि स्त्रियांचे उद्योग हा विषय रुक्ष आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. निविदा, अनामत, उलाढाल हे शब्द वसंतातल्या संध्याकाळी ऐकावेत असे नव्हेत. परंतु आमचे शिक्षण सातवीत थांबले, आणि पुढची सारी विद्या कारखान्यांच्या दाराशी, सूचनाफलकावर चिकटवलेले कागद वाचून झाली. त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की गरिबाचे भवितव्य पुष्कळदा भाषणात ठरत नाही, कागदाच्या तिसऱ्या पानावरील बारीक अक्षरांतल्या अटीत ठरते. स्त्रियांच्या धंद्याचा गेल्या शंभर वर्षांतला इतिहास पाहिला तर तो बहुतांशी या अटींचाच इतिहास आहे.

आरंभ आमच्या मुळशीपासूनच करू. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे घराघरांत पोहोचले, आणि त्या लढ्यात बायाही होत्या. धरण अखेर झाले. मावळातला नावाजलेला आंबेमोहर ज्या खाचरांत पिकत होता, ती खाचरे पाण्याखाली गेली. आता त्या खाचरांत काम कोणाचे होते पाहा. चिखलात वाकून रोपे लावायची बाईने, खुरपायचे बाईने, कापणीला पुढे बाई, भात कांडायचे तेही बाईने. मोबदल्याचा रुपया मात्र कागदावर ज्याचे नाव त्याला. ते नाव कित्येक ठिकाणी पुण्याच्या सावकाराचे होते, आणि जेथे कुळवाड्याचे होते तेथे ते घरातल्या पुरुषाचे होते. भाताची पैदास करणारीला भाताच्या हिशेबात जागाच नव्हती.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला तो १९९४ साली. साऱ्या देशासाठी तो २००५ साली आला. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करा, असे शेतकऱ्यांना त्याआधीच सांगितले होते. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे तारण नाही, तारण नाही म्हणजे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे अनामत भरण्याची ऐपत नाही, ही साखळी कायदा झाल्याबरोबर तुटत नसते.

आता मुंबईकडे वळू, कारण मुळशी-मावळचा गडी पोटासाठी तिकडेच गेला. मुंबईच्या डबेवाल्यांत या डोंगरपट्ट्यातली माणसे किती आहेत हे आपणांस ठाऊकच आहे. कोणी गिरणीत गेले, कोणी गोदीत. एका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत, आणि जेवायला खानावळवालीकडे जात. या खानावळवालीचा विचार कामगार चळवळीच्या इतिहासात जितका व्हावा तितका झालेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. गिरणीचा भोंगा आपण सर्वांनी ऐकला. त्याआधी दोन तास जिचा स्टोव्ह पेटे तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. दहा-वीस जणांचा स्वयंपाक, तोही उधारीवर. पगार झाला की हिशेब. मधल्या महिन्याभराचे भांडवल कोठून आणायचे? दुकानदाराकडून, नाहीतर सावकाराकडून. आणि गहाण काय ठेवायचे, तर गळ्यातले. १९७४च्या आरंभीचा गिरणी संप बेचाळीस दिवस चालला. त्या दिवसांत गडी जेवत होते, पैसे येत नव्हते, आणि तरीही ताटे मांडली जात होती. संप युनियनने चालविला असे आपण म्हणतो. आम्ही युनियनवाले असूनही म्हणतो की त्या संपाचा खर्च पुष्कळ अंशी खानावळवाल्यांनी सोसला.

ही गोष्ट ज्यांच्या मनाला लागली त्या प्रेमाताई पुरव. गोव्याच्या मुक्तिलढ्यात वाढलेल्या, नंतर कम्युनिस्ट पक्षात आणि गिरणी कामगारांत काम केलेल्या. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्यांची युक्ती साधी होती. राष्ट्रीयीकृत बँकांची चार टक्के व्याजाची योजना १९७२पासून कागदावर होतीच. तिचे कर्ज खानावळवालीला मिळत नव्हते, कारण जामीन कोण राहणार? प्रेमाताईंनी बायांचे गट केले, एकीला दुसरी जामीन. पहिल्या चौदा बायांना कर्ज मिळाले, त्यांनी ते फेडले, आणि मग ओळ लागली. बाया त्याच, पोळ्या त्याच, गिऱ्हाईक तेच. बदलली ती एक अट: घराच्या जामिनाऐवजी मैत्रिणीचा जामीन चालेल, एवढीच. त्याच सुमारास अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी मजूर महाजनाच्या अंगणातूनच ‘सेवा’ उभी केली होती, १९७२ साली. दोन्ही ठिकाणी कामगार चळवळीच्या पोटातूनच स्त्रियांचा धंदा जन्मला, ही गोष्ट आमच्या पुरुष सहकाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

लिज्जत पापडाचे उदाहरण सर्वांच्या ओठांवर असते. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन आरंभ केला, आणि पापड जगभर गेला. मोठीच गोष्ट. परंतु तिचा एक विशेष सहसा सांगितला जात नाही. पापडाचे गिऱ्हाईक म्हणजे घरोघरची बाई. ती पापड घेते, चव पाहते, पुन्हा घेते किंवा घेत नाही. तुमची तीन वर्षांची उलाढाल किती, असे ती विचारीत नाही. खानावळीतला गडीही विचारीत नसे. म्हणजे आपल्या इकडचे बायकांचे जे दोन मोठे धंदे वाढले ते अट न घालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर वाढले. तिसरे गिऱ्हाईक, सर्वांत मोठे, म्हणजे सरकार, महापालिका, कारखाना. त्याच्या दाराशी गेल्यावर काय होते?

कारखान्याचे आधी सांगतो, कारण ते आमच्या अनुभवातले आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली, आणि नियमांनी त्याच्या व्यवस्थापनासाठी कामगार प्रतिनिधींसह समितीही सांगितली. पिरंगुटच्या पट्ट्यात कारखाने आले तेव्हा आसपासच्या गावांतल्या बायांना वाटले की आता भाकरीला गिऱ्हाईक दारात आले. अशाच एका कारखान्यात उपाहारगृहाचा ठेका निघाला. बचत गटाच्या बाया आमच्याकडे आल्या. आम्ही कागद मागवून वाचला. तीन वर्षांची उलाढाल, तेही लाखांत, अनामत रक्कम, आणि बिल साठ दिवसांनी. बायांनी पंधरा वर्षे लग्नाकार्यांत पाचशे-पाचशे पाने उठविली होती, पण त्याची पावती कोणाकडे असणार? ठेका शहरातल्या कंत्राटदाराला गेला. सहा महिन्यांनी आम्ही त्याच उपाहारगृहात जेवायला बसलो, तर भाकऱ्या थापायला त्याच बाया होत्या, रोजंदारीवर. भाकरी चांगली होती. नालायक ठरली होती ती बाई, तिची भाकरी लायकच होती! आम्ही समितीत हा प्रश्न मांडला तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितले की नियम सर्वांना सारखे आहेत. सारखे होतेच, उंबरठा सर्वांना सारखाच उंच असतो, ज्याला शिडी आहे त्याला आणि जिला नाही तिलाही.

पण हा एका कारखान्याचा किस्सा झाला. याच महाराष्ट्रात हाच प्रश्न शेकडो कोटींच्या आकड्यांत उभा राहिला आणि दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी तिचीच. मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना पूरक आहार द्यायचा, हा तिचा कणा. पुढे ती सर्वत्र पसरली. आपल्या राज्यात तिचे ५५३ प्रकल्प झाले. इतक्या लेकरांचे अन्न म्हणजे वर्षाकाठी शेकडो कोटींची खरेदी. जेथे गूळ तेथे मुंगळे. २००१ साली पी.यु.सी.एल. या नागरी हक्क संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला होता. त्यात न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार वापरू नयेत, आणि शक्यतो गावचे समाज, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडून काम करून घ्यावे. आमच्या मते स्त्रियांच्या उद्योगाच्या दृष्टीने हा या देशातला अत्यंत महत्त्वाचा आदेश होय. एवढे मोठे गिऱ्हाईक त्या दिवशी एका ओळीने गावातल्या बाईसमोर आणून उभे केले गेले.

मग काय झाले? सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी घरी न्यायचा कोरडा आहार पाकिटांतून द्यायचा ठरला: शिरा, उपमा, सुकडी यांचे तयार पीठ. राज्यभरचा हा पुरवठा काही थोड्या संस्थांकडे गेला. संस्थांच्या नावात ‘महिला’ हा शब्द होता. न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ साली अहवाल दिला, तो सांगतो की त्या महिला संस्थांच्या मागे खासगी कंपन्या उभ्या होत्या. कारखाना त्यांचा, यंत्रे त्यांची, आणि नातीगोतीही जुळणारी. आदेश म्हणतो कंत्राटदार नको. ठीक आहे, कंत्राटदाराने दारावर बाईच्या नावाची पाटी लावली! कामगार चळवळीत आम्ही बनावट युनियन पुष्कळ पाहिल्या, मालकाने खिशातून काढलेल्या. ही बनावट मंडळे त्यांचीच बहीण शोभतात.

२०१६ साली राज्य सरकारने नव्या निविदा काढल्या. त्यांची एकूण किंमत सुमारे ६,३०० कोटी रुपये असल्याचे वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाले. या वेळी पाटीचीही गरज उरली नव्हती, कारण अटीच अशा होत्या की खरा बचत गट आपोआप बाहेर पडावा. अनेक प्रकल्प एकत्र बांधून मोठमोठे गट केलेले, आणि त्यांच्या प्रमाणात उलाढालीची अट. एका तालुक्याचा आहार करू शकणारी संस्था अनेक तालुक्यांचा कसा करील? काही महिला बचत गट न्यायालयात गेले, आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या. मोठ्या उद्योजकांच्या सोयीच्या आणि बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या अटी आधीच्या आदेशाच्या हेतूशी विसंगत आहेत, असा त्या निकालाचा आशय होता.

सरकारी पक्षाचे म्हणणे येथे न सांगणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे की लेकरांच्या आहारात जीवनसत्त्वे ठरल्या मापाने मिसळावी लागतात, स्वच्छता राखावी लागते, आणि हे काम घरगुती चुलीवर होत नाही. हा आक्षेप खोटा नाही. कुपोषित मुलाच्या तोंडी जाणाऱ्या घासात ‘बिचाऱ्या बाया आहेत, चालवून घ्या’ असे म्हणता येणार नाही, आणि कोणी म्हणूही नये. परंतु त्यावरचा उपाय केरळने दाखविला. तेथे कुटुंबश्रीच्या स्त्रियांची दोनशेहून अधिक छोटी युनिटे ‘अमृतम्’ नावाचे बाळांचे पौष्टिक पीठ तयार करतात. त्याची कृती संशोधन संस्थेने बसवून दिली, बायांना शिकविले, आणि खरेदी अंगणवाडीने केली. म्हणजे यंत्र आणि तपासणी लहान युनिटाच्या मापाने बेतता येते. शर्टाचे माप माणसाला पाहून घेतात. आपल्याकडे शर्ट आधी शिवून माणूस शोधीत बसले.

या निकालाने आमच्या बायांना दुसऱ्या दिवशी काम मिळाले, असा कोणी समज करून घेऊ नये. न्यायालय निविदा रद्द करू शकते. दळणाचे यंत्र, गोदाम आणि तीन महिन्यांचा गहू ते देऊ शकत नाही.

पुण्याचे एक उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते जवळचे आहे. कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या मेहनतीने उभी राहिली. ती युनियन होती. २००० सालच्या केंद्रीय नियमांनी घरोघर कचरा गोळा करणे आले, आणि घंटागाडीच्या कंत्राटदाराने बायांचा घास जाण्याची वेळ आली. तेव्हा युनियनने सहकारी संस्था काढली, तिचे नाव ‘स्वच्छ’. आणि २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. सभासद कचरा वेचणारेच, बहुतेक बाया. घरमालक दरमहा पैसे देतो, महापालिका व्यवस्थेचा खर्च देते. येथे कराराची अट कामाला बेतून लिहिली गेली: उलाढालीचा आकडा नको, वस्ती ओळखणारी माणसे हवीत. त्या बाया ती ओळखतच होत्या. करार संपत आला की दर वेळी ओढाताण होते, ते वेगळे. मुळशी तालुक्यातली सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे २०२१ साली महापालिकेत गेली आहेत, तेव्हा हा प्रश्न आता केवळ पुण्याचा राहिलेला नाही.

आता कायदा काय म्हणतो? सरकारने दुबळ्यासाठी खरेदीत जागा राखणे ही नवी गोष्ट नव्हे. सार्वजनिक बांधकामाच्या लहान कामांत मजूर सहकारी संस्थांचा वाटा महाराष्ट्राने मानला आहे. त्यातही खोटे मजूर शिरले, हेही सर्वांना ठाऊक आहे. केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २० टक्के खरेदीचे धोरण केले; २०१८ साली तो आकडा २५ टक्के झाला, आणि त्यात ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी. हे बंधन केंद्राच्या खात्यांवर आणि केंद्राच्या सार्वजनिक उद्योगांवर. अमेरिकेने १९९४ साली सरकारी खरेदीत स्त्रियांच्या उद्योगांसाठी ५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले, आणि ते प्रथम गाठले २०१५ साली! एकवीस वर्षे. तेव्हा आकडा लिहिला म्हणजे काम झाले असे मानणे भोळेपणाचे आहे.

२०१२च्या धोरणातले खरे मोल आमच्या मते टक्क्यांत नसून बारीक सवलतींत आहे. लहान उद्योगाला निविदेचा कागद फुकट, अनामत माफ. आणि त्याचा दर सर्वांत कमी दराहून १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या कमी दराला तयार झाल्यास कामाचा काही भाग त्याला. शिवाय २००६च्या कायद्याने लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागविले पाहिजे. न भागविल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी केलेली असेल तर हा हक्क खासगी कारखान्याकडूनही मागता येतो. पिरंगुटच्या त्या साठ दिवसांच्या अटीपुढे हे ठेवून पाहा. मात्र ज्या बाईला पुढचे काम त्याच साहेबाकडून घ्यायचे आहे, ती त्याच्यावर व्याजाचा दावा कसा लावील? एकट्याने मजुरी वाढवून मागणाऱ्या कामगाराची जी गत, तीच. तेथे संघटना लागते. आम्ही बचत गटांच्या बायांना सांगतो की तुम्ही मालकीण झालात तरी युनियनची गरज संपलेली नाही.

कारखान्यांपुरती एक नवी गोष्ट आहे. २०२०च्या कामगार संहितेत उपाहारगृहाची मर्यादा अडीचशेवरून शंभर कामगारांवर आली, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. हिंजवडी, माण, पिरंगुट, भूगाव या पट्ट्यात अशी ठिकाणे किती निघतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. प्रत्येक ठिकाणी रोज शंभर पाने उठणार. ती कोणी वाढायची हे ठरविणारा कागद कोठेतरी टेबलावर लिहिला जात असणार, आणि तो लिहिताना बहुतेक ठिकाणी जुन्याच कागदाची नक्कल होत असणार.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा २०११पासून स्त्रियांच्या आहेत. उत्पन्नाचे १० टक्के स्त्रिया आणि बालकांसाठी खर्च करायचे आहेत. म्हणजे ज्या गावात सरपंच बाई आहे तेथे धनादेशावर सहीही बाईची, आणि घेणारे गिऱ्हाईकही तीच. शंभर वर्षांपूर्वी मोबदल्याच्या कागदावर जिचे नाव नव्हते, तिच्या सहीशिवाय आज खरेदी होत नाही. आता त्या सहीखाली कोणाचे बिल असते? अंगणवाडीची सतरंजी, शाळेचे गणवेश, सभेचा चहा, शिवणवर्गाची यंत्रे: हे सारे कोठून आले, किती दराने आले, गावातल्या गटाला विचारले होते काय, आणि बिल किती दिवसांत भागले, एवढे चार प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारता येतात. हिशेबाची वही दाखविणे पंचायतीवर बंधनकारक आहे, आणि ती वाचायला सातवीपर्यंतचे शिक्षण पुरते.